दाखल होणं कमी झालं, म्हणजे योजना यशस्वी?

शंकासूर:
वारंवार दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी योजना आखायची आणि वर्षभराने ‘दाखल होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं’ म्हणून पाठ थोपटून घ्यायची. अशा आधी-नंतरच्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा अभ्यास बघा. सहा महिन्यांत किमान दोनदा दाखल झालेले 800 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या घरी नर्स, सामाजिक कार्यकर्ते जायचे, गोळ्यांचा गोंधळ निस्तरायचे, अपॉइंटमेंट घेऊन द्यायचे, डॉक्टरकडे सोबतही जायचे. दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. 2020 साली निकाल छापून आला: 180 दिवसांत पुन्हा दाखल झालेले पहिल्या गटात 62.3 टक्के, दुसऱ्यात 61.7. गंमत म्हणजे दाखल होणं दोन्हीकडे उतरलं होतं! माणूस सगळ्यात जास्त आजारी असताना त्याला निवडलं, की पुढे काहीही न करता आकडा खाली येतोच. दुसरा गट नसता तर सगळं श्रेय योजनेने खाल्लं असतं.

आडवाप्रश्न:
चिठ्ठ्यांचं मान्य. पण मोजलं काय, ते बघा ना. ज्याला राहायला जागा नाही, दारू सुटत नाही, त्याला अपॉइंटमेंट देऊन काय होणार? शिवाय घरभेट आणि डॉक्टरची भेट दोन्ही ठरलेल्या दिवसांत झाली असे रुग्ण थोडेच होते. म्हणजे औषध पोटात गेलंच नाही आणि आपण म्हणतोय, गुण नाही!

आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणजे तब्येत सुधारली, हे कुणी ठरवलं? अमेरिकेतल्याच ओरेगन राज्यात 2008 साली सरकारी आरोग्य विम्यासाठी सोडत निघाली. ज्यांना विमा मिळाला ते डॉक्टरकडे जास्त जाऊ लागले, इमर्जन्सीतही जास्त. पण नैराश्य घटलं आणि उपचारांपायी कंबरडं मोडणारा खर्च जवळपास थांबला. तुमच्या फूटपट्टीने हे अपयशच की.

शंकासूर:
त्याच ओरेगनच्या सोडतीवरच्या अभ्यासात दोन वर्षांनी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमध्ये ठळक फरक दिसला नव्हता, ते सोयीस्कर विसरलात. बाकी ‘औषध पोटात गेलं नाही’ ही पळवाट आहे. प्रत्यक्षात राबवताना जेवढं जमतं तेवढीच योजना.

काठावरचा:
फरक दिसला नाही आणि फरक नाही, यात अंतर आहे हो. रक्तदाब जास्त असलेले लोक त्यात मोजकेच, मग छोटा फायदा दिसणार कसा? मला जास्त खटकतं ते वेगळंच. 2012 पासून अमेरिकेत रुग्ण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांना दंड लागतो. प्रमाण घटलं. मात्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे मृत्यू वाढले का, यावर संशोधकांत अजून जुंपलेली आहे. घरी मेलेला माणूस पुन्हा दाखल होत नाही, आणि आकडा झकास दिसतो.

आडवाप्रश्न:
शंकासूर, आता यावर बोला. मृत्यू न मोजता नुसतं दाखल होणं मोजणारा अभ्यास तुम्ही मानणार का?

शंकासूर:
नाही मानणार. पण मृत्यूसुद्धा दोन्ही गटांत मोजा, एवढंच म्हणणं आहे.