चर्चा: शेअर बाजाराचा पैसा खान्देशाच्या कामाला येतो का?

अमळनेरकर:
परवा पत्र्याची पेटी उघडली, तर खरेदीखतांच्या खाली आजोबांचं शेअर सर्टिफिकेट सापडलं, कडा पिवळ्या पडलेलं. १९४५ मध्ये आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. १९४६ मध्ये तिनं शेअर विकून लोकांकडून भांडवल उभं केलं. नुसतं कर्ज असतं तर धंदा मंदा असो की तेजीत, व्याज भरावंच लागलं असतं. शेअरवाला नफा होईपर्यंत थांबतो. गरीब देशात कारखाने उभे राहायला असा थांबणारा पैसा लागतो, आणि आपला पैसा सोन्यात अन् प्लॉटमध्ये अडकून पडलाय.

केळीवाला, यावल:
भाऊ, तो पैसा कंपनीच्या हातात पडला होता. आज मी बाजारातून शेअर घेतला तर पैसा जातो विकणाऱ्याला, कारखान्याला त्यातून एक वीटही लागत नाही. माझ्या पुतण्यानं केळीच्या एका गाडीचे पैसे ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव ठरल्या दिवसापर्यंत चढेल की पडेल यावरच्या सौद्यांत, त्यांची मुदत संपते त्या एक्स्पायरीच्या दिवशी बांधावर बसून घातले. घड उतरवणारे मजुरीसाठी समोर उभे, हा मोबाइलमधून मान वर काढेना. साडेतीनला सगळं गेलं. मजुरी मी दिली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनचे असे सौदे करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच काढलंय. याला भांडवल उभारणी म्हणायचं?

अमळनेरकर:
ऑप्शनसाठी मी भांडणार नाही, तो जुगारच. पण अडीनडीला शेअर विकायची सोयच नसेल तर नवा शेअर घेईल कोण?

धुळ्याची ताई:
दादा, तुमनं म्हननं पटस, पण आमच्या जिनिंगपर्यंत, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यापर्यंत, हे पोचत नाही. हंगामात शेतकऱ्याला कापसाचे पैसे रोख द्यायचे, गाठींचे पैसे मागून येणार. कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेनं ठरवून दिलेली उचल, संपलं की खरेदी बंद. छोट्या कंपन्यांसाठी २०१२ पासून वेगळा एसएमई बाजार आहे, म्हणून चौकशी केली. आमची भागीदारी फर्म; आधी कंपनी करा, मग शेअर विक्रीला काढायचं काम बघणारा मर्चंट बँकर गाठा. खर्च ऐकूनच परत आलो.
तरी मी बाजाराच्या बाजूची आहे. सासऱ्यांची ठेव एका पतसंस्थेत बुडाली. कर्ज कुणाला दिलं, हे दाराला कुलूप लागेपर्यंत कुणी सांगितलं नाही. मोठ्या बाजारातल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करावे लागतात.

केळीवाला, यावल:
हिशेबाचं मान्य. पण ते आकडे आमच्या पोरांना वाचायला कोण शिकवतं? टिप देणारे मात्र गल्लोगल्ली आहेत. ताई, तुम्ही खरंच शेअर काढलेत तर कळवा. पुतण्याला आधी जिनिंगवर आणतो, गाठी दाखवतो, मग पैशाचं बोलू.