कुस्तीचा ‘निवेदक’ आणि क्रिकेटचा ‘समालोचक’

प्रश्न : कोल्हापूर भागात कुस्ती मैदानांच्या जाहिरातींत ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याला ‘निवेदक’ म्हणतात, तर क्रिकेटच्या बातम्यांत ‘समालोचक’. बोलताना आपण दोघांच्याही कामाला कॉमेंट्रीच म्हणतो. मग लिहिताना शब्द दोन का?

उत्तर : दोघांचे काम एकच आहे, असे मला वाटत नाही. ‘समालोचन’ या शब्दात ‘लोच्’, म्हणजे पाहणे, हा धातू आहे; ‘लोचन’ हा शब्दही त्याचाच. सर्व बाजूंनी नीट पाहणे हा मूळ अर्थ असल्यामुळे ग्रंथाच्या परीक्षणालाही मराठीत समालोचन म्हणत आले आहेत. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवत, तेव्हा श्रोत्यापुढे मैदान नसे आणि त्याच्या वतीने पाहण्याचे काम बोलणाऱ्यालाच करावे लागे.

‘निवेदन’ मात्र ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूपासून आलेले आहे. निवेदन करणे म्हणजे माहीत करून देणे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, सुरू झालेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी खोलगट आहे, की कडेला बसलेल्यालाही हौद्यातली कुस्ती स्पष्ट दिसते. तेथे दिसते तेच पुन्हा सांगण्यात अर्थ नसतो. मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती, हे डोळ्यांना न दिसणारे सारे निवेदक सांगतो. आणि डाव पडताच त्याचे नाव घेतो. ढाक, घिस्सा, एकलंगी ही नावे मी लहानपणी वडिलांशेजारी बसून अशा निवेदनातूनच शिकलो, आणि नाव कळल्यावर पुढच्या कुस्तीत तो डाव मला आपोआप दिसू लागला.

‘धावते समालोचन’ यातील ‘धावते’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. धावता आढावा म्हणजे वरवरचा आढावा. येथे मात्र खेळाच्या गतीबरोबर चालणारे, असा अर्थ घ्यायला हवा.

प्रतिसाद : व्युत्पत्ती मान्य आहे. पण दूरचित्रवाणीवर तर प्रेक्षकाला चेंडू आणि फलंदाज दोन्ही दिसतात; मग तेथेही ‘निवेदक’च म्हणावे काय?

उत्तर : नाही. तेथे बहुधा माजी खेळाडू बोलतात, आणि फटका चुकला कोठे, क्षेत्ररक्षक तेथे का उभा केला, याची चिकित्सा करतात. म्हणजे ग्रंथपरीक्षणातला जुना अर्थच तेथे परत आला आहे, आणि ‘समालोचक’ हा शब्द रेडिओपेक्षाही तेथे अधिक नेमका बसतो.