नॉर्वेतल्या पोरांना अमेरिका कशी शिकवू?

धंतोलीची_मास्तरीण:

मी स्टावांगरला एका शाळेत इंग्रजी शिकवते. वर्ग आपल्याकडच्या अकरावीचा समजा. इथे येण्याआधी नऊ वर्षं मिनेसोटात काढली, म्हणून 'अमेरिकन समाज आणि संस्कृती' हा भाग आपसूक माझ्या गळ्यात पडला. नागपूरच्या बाईनं नॉर्वेजियन पोरांना अमेरिका शिकवायची, यात शाळेत कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाच मधूनमधून हसू येतं.

पंचाईत ही की त्यांना सगळं आधीच माहीत असतं. उच्चार माझ्याहून अमेरिकन. शुक्रवारी रात्री घरोघरी टाको, आपल्याकडे रविवारी मटण शिजावं तसा. कुठे धिंगाणा झाला की म्हणतात 'हेल्ट टेक्सास', म्हणजे पार टेक्सास झालं! आणि वर्गात अमेरिका म्हटलं की विषय दोनच: बंदुका आणि दवाखान्याचं बिल. मग सगळे मिळून अमेरिकेची कीव करतात.

बिलाला मीच तेल घातलं म्हणा. तिकडे असताना लेकाचा हात मोडला होता, त्याचं तीन पानी बिल फाईलमध्ये सापडलं, ते वर्गात फिरवलं. इन्शुरन्स होता, तरी डिडक्टिबलच्या (म्हणजे विमा लागू होण्याआधी आपणच भरायच्या रकमेच्या) नावाखाली खिसा रिकामा झालाच. इथे सोळाच्या आतल्या पोराला डॉक्टरकडे नेलं तर पैसे पडत नाहीत. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग तू तिथे नऊ वर्षं का राहिलीस?" (इथे मॅडम-बिडम नाही, मास्तरांनाही नावानं अरेतुरे.) मला पटकन उत्तरच सुचेना. आठवला तो शेजारचा म्हातारा. उणे वीसमध्ये पहाटे न सांगता आमच्या दारचा बर्फ उपसून जायचा, वर आभार मानले की ओशाळायचा. पण हे काय उत्तर झालं?

मागच्या आठवड्यात फजितीच झाली. अमेरिकन शाळांत सकाळी झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणतात, ती म्हणून बघू या म्हटलं, उभे राहा, छातीवर हात ठेवा. अर्धे जागचे हललेच नाहीत. झेंड्याचं प्रेम कमी आहे असं नाही हो. 17 मेला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनी, अख्खं गाव झेंडे घेऊन रस्त्यावर असतं, पण ती पोरांची मिरवणूक, आइसक्रीम खात चाललेली. एकानं विचारलं, भारतात असं म्हणायला लावतात का? मी उजवा हात पुढे करून 'भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत' पासून शेवटपर्यंत मराठीत म्हणून दाखवली. वर्ग चिडीचूप. मग एक जण हळूच, "तुला अजून पाठ आहे?"

सहा तास उरलेत. कीव आणि नेटफ्लिक्स यांच्या पलीकडे यांना कसं न्यावं? कुणी परदेशात असं काही शिकवलंय का?

बॅलार्डकर:

ताई, स्टावांगरला बसून हे विचारताय? बंदरावर न्या पोरांना! 4 जुलै 1825 ला तिथूनच 'रेस्टॉरेशन' नावाचं गलबत 52 माणसं घेऊन निघालं. 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा 53 होती, वाटेत एक मुलगी जन्मली. नॉर्वेतून अमेरिकेला गेलेला हा पहिला जथा. परवा 2025 मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून तसंच गलबत पुन्हा सोडलं.

गंमत पुढे आहे. गलबताच्या मानानं कायद्यात बसत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली होती. न्यूयॉर्कला गलबत जप्त, वर जबर दंड. शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफी दिली. म्हणजे पहिल्या नॉर्वेजियन बोटीनं उतरता उतरताच अमेरिकेचा कायदा मोडला. हे सांगा आणि गप्प बसा, पुढचा तास पोरंच चालवतील.

पुढच्या शंभर वर्षांत जवळपास 8 लाख गेले. आम्ही राहतो तो सिॲटलचा भाग कधीकाळी त्यांच्याच कोळ्यांनी भरलेला होता.

खादाड_देशमुख:

विषयांतराबद्दल माफी. मिनेसोटात होतात तर चर्चमधलं ते नॉर्वेजियन लुटेफिस्कचं जेवण केलंत का? खरंच सुका मासा कॉस्टिकमध्ये भिजवतात?

धंतोलीची_मास्तरीण:

केलं. होय, लायमध्ये भिजवतात, मग दिवसचे दिवस पाणी बदलत धुतात. लोणी ओतलं तरी मासा थरथरतो. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी तो चाखलेलाही नाही, आणि तिकडे चौथ्या पिढीतले लोक डिसेंबरात त्यासाठी रांग लावतात. हाच एक तास होईल की! धन्यवाद देशमुख.

मृण्मयी_मिनियापोलिस:

बॅलार्डकरांची गोष्ट छानच, पण तिथेच थांबलात तर कीव जाऊन कौतुक येईल, एवढंच. 1862 घ्या. त्या वर्षी होमस्टेड कायदा आला. पाच वर्षं राहून कसा आणि 160 एकर तुमची. गावाकडे खडकाळ तुकडा असलेल्या माणसाला हे स्वर्गच. पण जमीन कुणाची होती? त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांशी युद्ध झालं. करारात ठरलेले पैसे वेळेवर आले नव्हते, माणसं उपाशी होती. त्यात नॉर्वेजियन कुटुंबंही मारली गेली, हेही सांगा. 26 डिसेंबरला मँकेटोला 38 डकोटांना एकदम फाशी दिलं, आणि पुढच्या वर्षी डकोटांना राज्याबाहेर हाकललं.

तुमच्या पोरांना सामी लोक, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडचे आदिवासी, माहीत असणारच. वसतिगृहाच्या शाळा, भाषा तोडणं, सगळं तिकडेही झालंय. 2023 मध्ये तिथल्या संसदेपुढे सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला ना? तो आणि मँकेटो शेजारी ठेवून बघा.

धंतोलीची_मास्तरीण:

तीन तास झाले, म्हणून लिहितेय.

बंदरावर गेलो. पाऊस होता, अर्थात. जप्तीची गोष्ट सांगितल्यावर एक जण म्हणाला, "मग आपणच बेकायदेशीर!" दुसऱ्या तासाला मागच्या बाकावरच्या त्याच मुलीनं आजीकडचं एक अमेरिकेहून आलेलं पत्र आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत. जुनी लिपी, आम्हा कुणालाच धड वाचता येईना. शेवटी इतिहासाच्या मास्तरांना बोलावलं. निम्मं पत्र गाईंबद्दल. नावं घालून लिहिलंय, कोणती व्याली, कोणती आटली. आणि एक ओळ: जमीन इतकी सपाट आहे की रविवारी चढायला काही नाही. यावर वर्ग हसला, पण वेगळं हसला.

तिसऱ्या तासाला मृण्मयीचं 1862. मी फळ्यावर '160 एकर' लिहिलं आणि काहीच बोलले नाही. पत्रवालीनंच विचारलं, आमच्या गाईंच्या आधी तिथे कोण होतं? मँकेटोचं सांगितलं. कुणी कीव केली नाही. एक मुलगा खाली बघत म्हणाला, त्याची पणजी सामी होती, घरात कुणी बोलत नाही. मी विषय पुढे ढकलला नाही, घंटा होईपर्यंत तसेच बसलो.

मृण्मयी, त्या पत्रात काउंटीचं नाव आहे. 1862 च्या आधीचा तिथला नकाशा कुठे मिळेल? गुरुवारी चौथा तास आहे.