मदत हवी आहे: टायडल व्हॉल्यूम कमी केला की मेंदू फुगतो

सेव्होफ्लो
भूल देऊन व्हेंटिलेटरवर घेतलेली केस: पोस्टेरियर फॉसाचा (कवटीच्या मागच्या तळाचा) ट्यूमर, पेशंट स्त्री, 88 किलो. 6 मिली प्रति किलोने टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला दिलेली हवा) 530 मिली लावला, तरी प्लॅटो (श्वास भरून थांबल्यावरचा फुफ्फुसातला दाब) 29. 400 वर आणला की दहा मिनिटांत ईटीसीओटू (उच्छ्वासाच्या शेवटचा सीओटू) 34 वरून 41 वर, आणि मेंदू फुगतोय म्हणून सर्जन हात थांबवतात. उद्या सकाळी अशीच केस आहे. फुफ्फुसं सांभाळू की मेंदू? मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध) देऊन झालंय, ते सुचवू नका.

श्वासमात्रा
उंची? पोझिशन? रेट (मिनिटाला श्वास)? पीप (उच्छ्वासाअखेर फुफ्फुसात राखलेला दाब)? एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी)?

सेव्होफ्लो
160 सेंमी. पालथी, अर्थातच. रेट 12, तो बदलला नाही. मेंदूची केस म्हणून पीप शून्य. ईटी 34 होता तेव्हा पीएसीओटू (धमनीच्या रक्तातला सीओटू) 38.

श्वासमात्रा
मग हे 6 नाहीच. वजन वाढलं म्हणून फुफ्फुसं मोठी होत नाहीत, हिशेब उंचीवरून करायचा. स्त्रियांसाठी 45.5 + 0.91 × (उंची − 152.4), म्हणजे इथे 52.4 किलो. 530 म्हणजे 10 मिली प्रति किलो झाले! 7 ने साधारण 370 येतात.

रेट 12 वरच ठेवलात तर सीओटू चढणारच. डेड स्पेस (नळ्यांतच राहून वाया जाणारी हवा) 150 धरा: (530 − 150) × 12 = 4.56 लिटर. 370 वर तेवढंच अल्व्हिओलर व्हेंटिलेशन (मिनिटाला वायुकोशांत पोचणारी हवा) हवं तर रेट 21 लागेल. छोटा फिल्टर लावून, जादाचा कॅथेटर माउंट (ट्यूब आणि सर्किटमधला जोड) काढून 40 मिली वाचवलेत तर 18 मध्ये भागतं. आधी रेट वाढवा, मग व्हॉल्यूम उतरवा. एक्स्पिरेटरी फ्लो (बाहेर पडणाऱ्या हवेचा प्रवाह) शून्याला टेकतो ना ते बघा, नाहीतर ऑटोपीप (आत अडकलेल्या हवेचा दाब) होईल. वीस मिनिटांनी पुन्हा एबीजी, कारण व्हॉल्यूम बदलला की ईटी आणि पीएसीओटूमधला फरकही बदलू शकतो.

दाबवाला
एवढी आकडेमोड कशाला? सरळ पीसीव्ही (दाब ठरवून श्वास देणारा मोड) लावा, दाब आपोआप मर्यादेत राहतो.

ड्युरा
दाब राहतो, व्हॉल्यूम राहत नाही. पालथ्या पेशंटमध्ये सर्जन पाठीवर टेकले तरी तो घटतो. पीएसीओटू 1 मिमीने वाढला की मेंदूतला रक्तप्रवाह 3-4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे फटका मेंदूलाच. व्हॉल्यूम गॅरंटी असेल तरच पीसीव्ही.

आणि पीप शून्य का? 5 ने सुरू करा. ड्रायव्हिंग प्रेशर, म्हणजे प्लॅटो वजा पीप, 15 च्या आत ठेवा.

कवटी
पीपने शिरांमधला दाब वाढतो, मेंदू घट्ट होतो. मी शून्याच्याच बाजूचा.

ड्युरा
डोकं हृदयाच्या वर असेल, एमएपी (सरासरी रक्तदाब) टिकून असेल, तर 5 ने सहसा काही बिघडत नाही. रक्तदाब पडला तर मात्र बिघडतं, म्हणून आधी व्हॉल्यूम स्टेटस (शरीरात द्रव पुरेसं आहे का) आणि व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) बघा. 2014 च्या प्रोव्हिलो चाचणीत, ती पोटाच्या शस्त्रक्रियांवरची, 12 पीपने फायदा झाला नाही, रक्तदाब मात्र जास्त वेळा पडला. मी 12 सांगतच नाहीये. ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडा असताना 40 दाबाने 30 सेकंदांचं रिक्रूटमेंट (दाब देऊन मिटलेली फुफ्फुसं उघडणं) नको. ड्युरा शिवल्यावर, पायरीपायरीने.

निद्रा
एक्स्ट्युबेशनला (श्वासाची ट्यूब काढताना) खोकला येऊ नये म्हणून रेमिफेंटॅनिल कमी डोसवर चालू ठेवा. लिग्नोकेनही चालतं.

श्वासमात्रा
ते कुणी विचारलेलं नाही. सेव्होफ्लो, पोट मोकळं होतं का? हनुवटी आणि छातीत दोन बोटं जागा?

सेव्होफ्लो
जागा होती. पोट टेबलला टेकलं होतं, बोल्स्टर (आधाराची उशी) फक्त छातीखाली.

श्वासमात्रा
प्लॅटोतला बराच भाग तिथून आला असणार. छाती आणि इलियाक क्रेस्टखाली (कमरेच्या हाडाच्या कडेखाली) आधार द्या, पोट लोंबतं ठेवा. शिरांमधला दाबही उतरतो. ट्यूब मुडपली असती तर पीक (श्वास भरतानाचा सर्वोच्च दाब) वाढला असता, प्लॅटो नाही.

कवटी
पोटाचं मान्य. पीपवर मत तेच.

ड्युरा
एक राहिलं. ईटीसीओटू अचानक पडला तर व्हेंटिलेशन जास्त झालं समजून रेट कमी करू नका. आधी एअर एम्बोलिझम (शिरेत हवा शिरणं) धरा: सर्जनला सांगा, जखम सलाईनने भरून घ्या, एफआयओटू 1.0 (म्हणजे 100 टक्के ऑक्सिजन).

सेव्होफ्लो
370, रेट 18, पीप 5, पोट मोकळं. छोटा फिल्टर स्टोअरमधून मागवतो. पीएसीओटू 35 ते 38 मध्ये धरू ना?

श्वासमात्रा
हो. एबीजी ड्युरा उघडण्याआधीच पाठवा.