व्हीलचेअरवरून बाबा सारखे घसरतात, मदत हवी आहे

वैतागलेली: नवीन व्हीलचेअर आणली. बाबा जरा वेळ बसले की पुढे सरकत पार आडवे होतात. उशी टाकून झाली, पट्टा बांधून झाला. आता कोणती खुर्ची घेऊ तेवढं सांगा. घाईत आहे.

चाकोरी: जाड जेलची उशी घ्या, डोळे मिटून. आईला तीच लागू पडली.

दादूस६४: अहो, आजार काय? सीट केवढी? ज्योतिषालासुद्धा पत्रिका लागते.

वैतागलेली: पक्षाघात, डावी बाजू. सीट १८ इंची. सगळ्यांना तीच देतात म्हणे.

फिजिओताई: १८ ही रुंदी झाली. ती साधारण नितंबांइतकी हवी, जास्त असली की माणूस एकीकडे कलतो. खोली किती? बसल्यावर पाठीमागून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत मोजा आणि ३ ते ६ सेंमी वजा करा. सीट त्याहून लांब असेल तर कड पोटरीला रुतते, मग माणूस पुढे सरकतोच.

कट्टेकरी: एवढं गणित कशाला? पट्टा छातीवर घट्ट बांधा.

फिजिओताई: अजिबात नको! माणूस खाली घसरला की तो पट्टा गळ्याशी येतो. पट्टा ओटीपोटाखालून, मांड्यांच्या सांध्यावरून, सीटशी साधारण ४५ अंशांत हवा.

अभ्यासू: वापरणाऱ्याचं समाधान मोजायला क्वेस्ट २.० ही प्रश्नावली आहे. १२ प्रश्न: ८ साधनाबद्दल, ४ सेवेबद्दल. प्रत्येकाला १ ते ५ गुण.

दादूस६४: त्यांचे बाबा जमिनीवर यायला टेकलेत, तुम्ही गुण कसले देताय!

वैतागलेली: खोली बरोबर आहे, मोजली. मोकळे बसले की जास्त घसरतात. मी ढकलत असले की नाही.

फिजिओताई: मोकळे म्हणजे? स्वतः फिरतात का?

वैतागलेली: फिरतात ना, उजव्या पायाने जमीन रेटत. त्याचा काय संबंध?

फिजिओताई: सगळा संबंध तिथेच! सीट उंच आहे. पाय टेकवायला ते पुढे सरकतात, उशीने तर आणखी उंच झाले. उशीसकट उंची अशी हवी की मागे टेकून बसल्यावर उजवी टाच जमिनीला पूर्ण टेकेल. त्या बाजूचा फूटरेस्ट काढा, डावा पाय मात्र फूटरेस्टवरच. चाकांची जागा बदलून सीट खाली येते का बघा. येत नसेल तर कमी उंचीची खुर्ची.

वैतागलेली: मग उशीच काढते.

फिजिओताई: नको. नुसत्या कापडी सीटला झोळ येतो. पातळ पण चांगली उशी ठेवा. आणि आजच माकडहाडाजवळ बघा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर दाबाच्या जखमेची सुरुवात असते, डॉक्टरांना दाखवा.

चाकोरी: म्हणजे पातळ जेलची. मी तेच म्हणत होतो.

कट्टेकरी: विषय निघालाच आहे तर, आमच्या खुर्चीचा ब्रेक लावूनही चाक फिरतं. ब्रेक बदलू का?

दादूस६४: हवेचे टायर आहेत? आधी हवा भरा. टायर बसला की ब्रेक त्याला घट्ट टेकतच नाही.