2 चा 136279841 वा घात : पहिले अंक काढताना माझं कुठे चुकलं?

तक्तावाला
अकरावीला लॉग शिकवतोय. पोरं पेंगतात म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये सापडलेली ती अवाढव्य मूळ संख्या घेतली: 2^136279841 − 1. वजा एकने सुरुवातीच्या अंकांना काही होत नाही, म्हणून फळ्यावर नुसता घात मांडला. 2 चा लॉग, म्हणजे 10 चा जो घात 2 होतो तो, 0.30103. 0.30103 गुणिले 136279841 म्हणजे 41024320.53623. 10^0.53623 आलं 3.437. "संख्या 3437 ने सुरू होते, एकूण अंक 41024321," असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो.

मागच्या बाकावरच्या पोरीने मोबाइल बघून सांगितलं, "सर, इथे 8816 आहे. आणि एकूण अंक 41024320, तुमचा एक जास्त होतोय."

घंटा झाली म्हणून वाचलो. गुणाकार तीनदा तपासलाय. उद्या परत तोच वर्ग आहे हो.

शून्यशेष
सर, पद्धत बरोबर, गुणाकारही बरोबर. लॉग तोकडा पडला. खरी किंमत 0.30102999566398… आहे. फरक केवळ 0.0000000043, पण त्याला 13 कोटी 62 लाखांनी गुणलंत की 0.59 होतो! आणि पहिले अंक ठरतात ते दशांशचिन्हाच्या पुढच्या भागावरच. पूर्ण लॉग घेतलात तर 41024319.945318 येईल, त्यावरून 8.8169.

कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर आधी 41024319 वजा करा. 10 अंकी पडद्यावर नुसतं .95 दिसतं, तेच उतरवून घेतलं तर 8.91 येतं आणि परत फजिती.

घातकी
शेवटचे अंक त्या मानाने फुकट मिळतात. 2 च्या घातांचे शेवटचे तीन अंक (8 पासून पुढे) दर 100 घातांनी फिरून येतात. तुमच्या घातांकाच्या शेवटी 41 आहे. 2^41 = 2199023255552, म्हणजे 552, वजा एक 551. फळ्यावर दोन मिनिटांचं काम.

जास्त अंक हवे असतील तर वर्ग करत जायचं आणि दर वेळी शेवटचे दहाच ठेवायचे. 27 वेळा वर्ग, मधेमधे दुप्पट, संपलं. (वर्ग आणि दुपटीची ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, पोरांना जरूर सांगा.) पायथॉन या संगणक भाषेत घात काढणाऱ्या pow फंक्शनला तिसरा आकडा (इथे 10^10) दिला की हेच होतं. मी शहाण्यासारखा अख्खी संख्या छापायला गेलो होतो, तर 4300 च्या वर अंक छापणार नाही म्हणून त्याने हात वर केले.

तक्तावाला
आभार दोघांचे. आज फळ्यावर आधी माझीच चूक मांडली, कोणी पेंगलं नाही. आता तीच पोर विचारतेय, उजवीकडून बरोबर एक कोटीवा अंक कोणता?

शून्यशेष
तिथे ही युक्ती अडते. शेवटचे एक कोटी अंक सांभाळत वर्ग करावे लागतील. संगणकाला जमेल, फळ्याला नाही. तिला म्हणावं, लॅपटॉप घेऊन ये.