भाडेकरू कोण ठेवायचा हे कमिटी ठरवणार?

नेरूळची_शेजारीण
आपल्या नेरूळ-सीवूड्सच्या गटात काल एका काकांनी लिहिलं: "आमच्या बिल्डिंगमध्ये एका मेंबरने तृतीयपंथी भाडेकरू ठेवलाय. लहान मुलांनी विचारलं तर काय सांगायचं? आमचा कुणाला विरोध नाही, पण ही मंडळी आपल्या वस्तीत राहिलेली बरी. कमिटीने एनओसी देऊ नये." खाली अंगठ्यांची रांग. मी त्याच बिल्डिंगमध्ये राहते. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहितेय आणि लांबलचक लिहितेय.

ती मुलगी वाशीला एका लॅबमध्ये कामाला आहे, बहुतेक रात्रपाळी. मी सकाळी दूध आणायला खाली उतरते तेव्हा ती परत येत असते. दोन महिन्यांत तिचा आवाज मी एकदाच ऐकला. लिफ्ट बंद होती, तिने माझ्या सासूबाईंना हात धरून तिसऱ्या मजल्यावर आणून सोडलं. सासूबाई अजून विचारतात, ती उंच मुलगी कुठल्या माळ्यावरची गं?

काका म्हणतात, आपल्या वस्तीत. कुठली वस्ती हो? वस्तीत कुणी जन्माला येत नाही. जन्म तुमच्या-माझ्या घरातच होतो, सिडकोच्या दोन खोल्यांत. शाळेत नाव घातलं जातं, बारसं, वाढदिवस सगळं होतं, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाप बाहेर काढतो. त्यातून ती वस्ती होते. आधी घरातून काढायचं, मग सोसायटीतून, आणि वर विचारायचं की सिग्नलला टाळ्या का वाजवतात.

15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात कलम 3 मध्ये घर विकत घेणं, भाड्याने घेणं, राहणं यात भेदभाव करायचा नाही असं स्वच्छ लिहिलंय. मग हा विषय कमिटीसमोर येतोच कसा?

पारसिक_हिल
ताई, पोस्ट माझीच आहे. मला राक्षस ठरवू नका. 2016 ला नातवाच्या बारशाला सात जण आले. 21 हजार मागितले. सून ओली बाळंतीण, घरात पाहुणे. पाच हजार देतो म्हटलं तर एकाने कपडे वर करायची धमकी दिली. माझी बायको देवघरात जाऊन बसली ती संध्याकाळी बाहेर आली. कलम 3 वाचून हे विसरायचं?

नेरूळची_शेजारीण
विसरू नका काका. वाईटच झालं ते. पण त्या सात जणांचा हिशेब लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीकडून का मागताय?

कळवा_फास्ट
एनओसी शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझा फ्लॅट भाड्याने आहे. आमची कमिटी नॉन-ऑक्युपन्सी म्हणून, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, मेंटेनन्सइतकीच रक्कम वर लावते! 2001 च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर एक रुपया घेता येत नाही. तीन वर्षं पत्रं देतोय. आणि भाडेकरू ठेवायला एनओसी लागतच नाही, सोसायट्यांच्या मॉडेल उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) फक्त आधी कळवायचं असतं. कमिट्यांनी स्वतःला मामलेदार समजायचं सोडावं.

खजिनदार_कोपरखैरणे
तुम्ही फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला जाऊन बसता. मीटिंगला येत नाही. टँकर कोण मागवतो? वॉचमन पळाला तर रात्री गेटवर कोण उभं राहतं? पगार नाही मला. उद्या भाडेकरूने काही केलं तर पोलिस आधी मला बोलावतात.

कळवा_फास्ट
मग पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलीय का ते बघा. ते तुमचं काम. त्याच्यापुढे त्याच्या घरात कोण येतं, काय शिजतं हे तुमचं काम नाही. आमच्याकडे आधी बॅचलर मुलं नको, मग मटण खाणारे नको, मग मुसलमान नको. दर वेळी कारण एकच, "आमचा विरोध नाही, पण लोक काय म्हणतील."

खजिनदार_कोपरखैरणे
बॅचलर मुलांनी गच्चीवर काय घातला तो धिंगाणा तुम्ही पाहिला नाहीत. जिन्यात बाटल्या मी उचलल्यात, स्वतःच्या हाताने.

सानपाडा_ईस्ट
पार्किंगचं पण बोला. भाडेकरूच्या दोन गाड्या आणि मालकाची गाडी रस्त्यावर.

कळवा_फास्ट
सेवाशुल्क म्हणजे काय हे तरी खजिनदारांनी सांगावं. मालमत्ता कर धरून 10 टक्के लावता की वगळून?

खजिनदार_कोपरखैरणे
वगळून! मला शिकवू नका. अकरा वर्षं हिशेब लिहितोय.

नेरूळची_शेजारीण
अहो, एका मुलीला घराबाहेर काढायची गोष्ट चाललीय आणि तुम्ही टक्के काय मोजताय!

घोडबंदर_रोड
मूळ विषयावर बोलतो. हे सगळं इन्स्टाग्रामचं खूळ आहे. माझ्या नववीतल्या मुलीच्या वर्गात तिघींनी आपण 'नॉन-बायनरी', म्हणजे ना मुलगी ना मुलगा, असल्याचं जाहीर केलंय. चौदाव्या वर्षी कळतं का कुणाला? मी मुलीला मारत नाही, ओरडत नाही, पण मला भीती वाटते आणि ती बोलून दाखवायची सोय राहिलेली नाही. बोललं की मागासलेला. आपल्या संस्कृतीत हे नव्हतं.

गडकरी_कट्टा
वाशीला नाटकाला जाता त्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. 1843 ला सांगलीत त्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा सीता पुरुषच होता. बालगंधर्वांकडे बघून घरंदाज बायका लुगडं नेसायला शिकल्या. नव्हतं कसं?

घोडबंदर_रोड
नाटक संपलं की लुगडं उतरायचं. बालगंधर्व घरी नारायणरावच होते. बायकांना रंगभूमीवर मज्जाव होता म्हणून पुरुष उभे राहिले. त्याला ओळख म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालणं आहे.

गडकरी_कट्टा
हे मान्य करावं लागेल. उदाहरण चुकलं. मग यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते घ्या. तिथे पडदा पडत नाही, जन्मभर लुगडं अंगावर असतं. तुमच्या आजीने जोगत्याच्या परडीत पीठ घातलं असेल, त्याच्या पाया पडली असेल. इंग्रजांनी मात्र 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची आणि बायकी वेशात रस्त्यावर नाचले तर अटक करायची तरतूद केली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पण त्यांचंच, 1860 चं. बाहेरून आलं ते हे.

घोडबंदर_रोड
पाया पडायच्या, पण ओसरीवरून. आत कुणी घेतलं नाही. तेव्हा जुना काळ उदार होता हे मला सांगू नका.

कोपरी_पूर्व
मी फार लिहीत नाही इथे. ठाण्यात कोपरीत वाढलो. 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा निकाल आला तेव्हा ऑफिसात होतो. बाथरूममध्ये जाऊन रडलो, तोंड धुतलं, परत टेबलावर बसलो. घरी कुणाला सांगितलं नाही. आजही आम्ही दोघं ज्या फ्लॅटमध्ये राहतो तिथे मालकाला "मावसभाऊ" सांगितलंय. गणपतीत त्याची आई आली की मी दोन दिवस मित्राकडे झोपायला जातो.

पारसिक_हिल
कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाला नाही म्हटलं ना? म्हणजे कोर्टालाही मर्यादा कळतात.

कोपरी_पूर्व
लग्न कोण मागतंय काका? मी खोटं न बोलता भाडेकरार करायचं म्हणतोय. आणि तो निकाल पुरता वाचा. पारलिंगी व्यक्तीला आताच्या कायद्यातच स्त्री-पुरुष म्हणून लग्न करता येतं, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

वर्तकनगरची_आई
घोडबंदरच्या दादांना उत्तर द्यायचं आहे, कारण तुमची भीती मला पाठ आहे.

माझं पहिलं मूल मुलगी म्हणून जन्मलं. चौथीत असताना फ्रॉक घालायला लागू नये म्हणून तो तापाचं सोंग करायचा. तेव्हा इन्स्टाग्राम आमच्या घरात नव्हतं. मी त्याला मारलंय, दादा. तुम्ही मारत नाही म्हणालात, तुम्ही माझ्यापेक्षा बरे. बारावीत असताना एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी "सहा महिन्यांत सरळ करतो" म्हणून पैसे घेतले. पोरगं सुकत गेलं. एका रात्री त्याच्या उशीखाली मला झोपेच्या गोळ्या सापडल्या. त्या मी मोजल्या. आकडा लिहवत नाही. असल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलं. आमच्यासाठी उशीर झाला होता, इतकंच.

त्याच वर्षी त्याच्या पारलिंगी ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. तेव्हा ते शपथपत्रावर मिळायचं, 30 दिवसांत मिळायला हवं होतं, पण एका टेबलावर साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मुलगी आहे की मुलगा, नक्की सांगा." माझ्या नवऱ्याने, ज्याने वर्षभर पोराशी शब्द काढला नव्हता, खिडकीत हात ठेवून सांगितलं, "मुलगा आहे माझा." घरी येताना दोघं टीएमटीत शेजारी बसले. बोलले नाहीत, पण शेजारी बसले.

आता तो 24 चा आहे. चांगली नोकरी आहे. चार घरमालकांनी आधी हो म्हटलं, कागद बघून नाही म्हटलं. म्हणून तो अजून आमच्याकडे. आम्ही आहोत तोवर ठीक. पुढे? तुमच्या मुलीच्या वर्गातल्या त्या तिघींपैकी दोघी उद्या विसरून जातील कदाचित. तिसरी नाही विसरली तर तिच्या आईला माझ्याकडे पाठवा.

घोडबंदर_रोड
ताई, वाचलं. भीती गेली नाही माझी. पण 'खूळ' हा शब्द मागे घेतो.

सानपाडा_ईस्ट
भावनेच्या भरात सगळं मान्य करायचं का? लेडीज डब्यात कोण चढणार, हा प्रश्न आहेच. माझी बायको रोज साडेआठची पनवेल पकडते.

नेरूळची_शेजारीण
मीही तीच पकडते. लेडीज डब्यात माझा दंड कुणी धरला होता तर तो जनरलमधून घुसलेला गर्दुल्ला होता, आणि त्याला खाली उतरवलं ते टाळी वाजवत आलेल्या दोघींनी. बाकीच्या आम्ही सगळ्या मोबाइलमध्ये बघत होतो.

सानपाडा_ईस्ट
एका अनुभवावरून नियम होत नाही.

नेरूळची_शेजारीण
बारशाच्या एका अनुभवावरूनही होत नाही. एवढंच सकाळपासून सांगतेय!

खजिनदार_कोपरखैरणे
मला या विषयातलं कळत नाही. हिशेबातलं कळतं. कागद पूर्ण असतील, करार नोंदवला असेल, पोलिसांना माहिती दिली असेल तर कमिटीला नाव बघायचं कारण नाही. आमच्याकडे असा अर्ज आला तर मी नोंद करेन. पण नॉन-ऑक्युपन्सी लागेल, 10 टक्के, बाकीच्यांसारखीच.

कळवा_फास्ट
हे लेखी द्या. माझ्यासाठी पण.

पारसिक_हिल
वर्तकनगरच्या बाई, उशीचं वाचल्यावर मी फोन ठेवून दिला होता. माझं मत एका दिवसात बदलणार नाही, वय 71 आहे. 'आपल्या वस्तीत' हे मी लिहायला नको होतं, ते पोस्टमधून काढतोय. बारशाचा राग आहे, तो राहील. रविवारी आमची मीटिंग आहे. एनओसी न देण्याच्या ठरावाच्या बाजूने मी हात वर करणार नाही. विरोधातही करणार नाही. याहून जास्त आज मागू नका.

नेरूळची_शेजारीण
नाही मागत. फक्त मीटिंग अकराला आहे काका, आणि तिची रात्रपाळी सुटून ती साडेसातला घरी येते. तिला यायचं आहे, स्वतः बोलायचं आहे. कमिटीने भाडेकरूला बोलता येत नाही म्हणून कळवलंय. तेवढं बोलू द्या, असं तुम्ही सेक्रेटरींना सांगाल का?

पारसिक_हिल
सांगतो.